सरांचं विधेयक

कुमारचा फोन आला तेव्हा कासेगावकर सर गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. कुमार हा खासदार बिभीषणराव खटके यांचा स्वीय सहायक. एरवी फोनवर फार जपून बोलणारा माणूस, पण आज त्याला धीर नव्हता.

"सर, आपलं बिल लागलं!"

"लागलं म्हणजे?"

"सोडतीत नंबर आला की सर! पुढच्या शुक्रवारी राज्यसभेत चर्चा हाय. साहेब म्हणले, सगळ्यात आधी सरांना सांग."

सरांनी झारी खाली ठेवली आणि तशाच ओल्या हातांनी जिन्यातून हाक मारली. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई स्वयंपाकघरातून घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. त्यांना वाटलं, हे घसरून पडले. तर सर जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहून नुसते हसत होते. बोलायला गेले की आवाज कापत होता, म्हणून परत हसत होते.

मुकुंद कासेगावकरांनी सोलापूरच्या कॉलेजात उमेदीची सगळी वर्षं अर्थशास्त्र शिकवण्यात घालवली होती. नोकरीला लागून फार काळ झाला नव्हता, तेव्हा एक्क्याण्णव साल उजाडलं आणि परकीय चलनासाठी देशाचं सोनं गहाण पडलं. त्या आठवड्यात वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "सर, देश पण सोनं गहाण टाकतो?" सरांनी पुस्तकातलं उत्तर दिलं, पण तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. सरकारनं जेवढं मिळवावं तेवढंच खर्चावं, असं त्यांचं मत तिथून बनत गेलं. पुढे त्यासाठी कायदाही झाला, तुटीला मर्यादा घातली गेली, आणि मग ती मर्यादा दर थोड्या वर्षांनी पुढे ढकलली गेली. सर म्हणायचे, कुलूपही संसदेचं आणि किल्लीही संसदेच्याच खिशात, मग ते कुलूप कसलं? हे बंधन कायद्यात नको, घटनेतच हवं. याच विषयावर ते वर्तमानपत्रांत लेख लिहायचे, व्याख्यानं द्यायचे, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला समजावून सांगायचे. मुलं पाठीमागे त्यांना 'समतोल सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

बिभीषणराव खटके त्यांचेच जुने विद्यार्थी. राजकारणात पडले, वाढले आणि राज्यसभेवर गेले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सरांनी त्यांना जेवणाच्या रांगेतच गाठलं. "द्या सर लिहून, मांडतो," असं ते भाताचा डाव हातात धरून म्हणाले, आणि सरांनी ते शब्दशः घेतलं. पुढचे कित्येक महिने ते घटनादुरुस्तीच्या मसुद्यावर बसून होते. विधेयक मांडलंही गेलं. पण खासगी सदस्यांची अशी विधेयकं ढिगानं पडून असतात, त्यातल्या मोजक्यांनाच चर्चेचा मुहूर्त लागतो. त्यामुळे कुणीच आशा धरली नव्हती. आणि आता शुक्रवार ठरला होता.

दुर्गाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. कॉलेजात बातमी गेली. प्राचार्य सोमशेखर म्हमाणे स्वतः घरी येऊन सांगून गेले की शुक्रवारी सभागृहात मोठा पडदा लावू, सगळे मिळून थेट प्रक्षेपण पाहू आणि नंतर सरांचा सत्कार करू.

दुसऱ्या दिवशी पूनम बंडगर लॅपटॉप घेऊन आली. ती सरांच्या अगदी शेवटच्या वर्गातली विद्यार्थिनी. आता त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि पीएच.डी. करत होती. मैंदर्गीजवळ तिच्या घरची मेंढरं होती, थोडी जिराईत शेती होती आणि घरात बोलणं कन्नड. सरांचा मसुदा कितीतरी वेळा तिनंच टाइप केला होता. खासदारांसाठी टिपणं काढायची होती. सभागृहात कोण काय विचारील आणि त्याला काय उत्तर द्यायचं, ते सगळं.

"मी विरोधी पक्ष बनते," पूनम म्हणाली. "तुम्ही उत्तरं द्या."

सरांना हा खेळ आवडला. रस्ते, धरणं यांसाठी काढलेलं कर्ज वाईट का? जगात आणखी कुठं असं बंधन आहे? न्यायालयानं अर्थसंकल्प तपासायचा का? सर खुर्चीत पुढे सरकून एकेक प्रश्न परतवत होते आणि पूनम भराभर उतरवून घेत होती. मध्येच तिची बोटं थांबली.

"सर, चौथं कलम."

"विचार."

"युद्ध झालं तर ही मर्यादा लागू नाही. बाकी कुठल्याही कारणासाठी उत्पन्नाच्या वर खर्च करायचा असेल तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागणार."

"बरोबर. खरी गरज असेल तर मिळतील. नसेल तर नाही मिळणार. तेच तर हवंय."

"आमच्याकडं पाऊस पडला नाही, तर आमच्यासाठी दोन-तृतीयांश कोण उभं राहणार, सर?"

सर हसले. "अगं, दुष्काळासाठी कोण नाही म्हणेल?"

"युद्ध सगळ्या देशावर येतं. दुष्काळ चार-सहा जिल्ह्यांवर येतो. बाकीच्यांच्या शेतात पाणी असतं. ते मतं देताना आपल्या भागासाठी काहीतरी मागणार, नाहीतर बसून राहणार. आणि मोठा दुष्काळ असला तर त्याच वर्षी करही कमी गोळा होणार. म्हणजे खर्च वाढवायची वेळ आली की तुमचं कलम तो कापायला लावणार."

"आकस्मिकता निधी आहे."

"तो किती पुरणार, सर?"

ती तावातावानं बोलत नव्हती. वर्गात शंका विचारावी तशी विचारत होती, आणि सरांना नेमकं तेच झोंबलं. एवढी वर्षं लिहून, घासून-पुसून तयार केलेल्या मसुद्यावर शुक्रवार इतका जवळ आलेला असताना कुणी बोट ठेवावं, तेही घरच्यासारख्या मुलीनं, हे त्यांना सहन झालं नाही.

"पूनम, घटना तालुक्याच्या चष्म्यातून वाचायची नसते."

ती म्हणाली, "पण वाचणारा कुठल्या ना कुठल्या तालुक्यातलाच असतो की, सर."

"पुरे!" सरांचा आवाज एकदम चढला. "तुला पटत नसेल तर टिपणं मी एकटा करीन. तू पाटीवर अक्षरं गिरवत होतीस तेव्हापासून मी यावर लिहितोय."

पूनमनं लॅपटॉप मिटला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन "येते काकू" म्हणाली आणि गेली. दुर्गाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा फाटकाची कडी वाजली होती.

"मी काय चुकीचं बोललो?" सरांनी विचारलं.

"मला कलमातलं काही कळत नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "पण असा आवाज तुम्ही चढवलात की समोरचा बोलायचा बंद होतो. मी तर होतेच होते."

सरांनी टिपणं एकट्यानं पुरी केली. फक्त चौथ्या कलमापुढे काही लिहिता येईना. लिहीत, खोडत, पुन्हा तेच वाक्य वेगळ्या शब्दांत लिहीत. 'खरी गरज असल्यास सभागृह एकमुखानं मान्यता देईल' असं शेवटी लिहिलं, आणि वाचून पाहिलं तेव्हा ते त्यांना निवडणुकीतल्या भाषणासारखं वाटलं. दोनदा पूनमला फोन लावला. फोन लागला नाही. ती सुट्टीला गावी गेली असणार, आणि तिच्या वस्तीवर रेंज नसते, हे त्यांना माहीत होतं. तरी तिनं मुद्दाम बंद ठेवलाय असंच वाटत राहिलं.

रविवारी सर एसटीनं अक्कलकोटला गेले आणि तिथून दुसऱ्या गाडीनं मैंदर्गीला. स्टँडवर बंडगरांची वस्ती विचारली तर एका मोटारसायकलवाल्यानं "बसा मागं" म्हणून नेऊन सोडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीला आली होती. वस्तीवर काट्यांचं कुंपण घातलेल्या वाडग्यात कोकरं ओरडत होती. एक उंच, वाळका माणूस त्यांतलं एक काखेत धरून त्याचा खूर तपासत होता. तो पूनमचा बाप आण्णा. मोटारसायकल थांबलेली पाहून त्यानं कोकरू सोडून दिलं आणि सर खाली उतरताच ओळखलंही. कॉलेजच्या कार्यक्रमाला येऊन त्यानं सरांना एकदा पाहिलं होतं.

"बर्री, बर्री सर! या की. हितं सावलीत बसा. पूनम, ए पूनम, बघ कोण आलंय!"

पूनम बाहेर आली आणि चौकटीतच थांबली.

"सर, तुम्ही?"

सर उभ्या उभ्याच बोलले. बसमध्ये जुळवून आणलेली वाक्यं आता आठवत नव्हती. "परवा मी ओरडलो ते चुकलं. कलमाचं राहू दे, ते मला अजून बरोबर वाटतंय. पण ओरडायला नको होतं."

पूनमचा चेहरा सैल झाला. "एवढ्यासाठी इतक्या लांब आलात, सर?" ती म्हणाली. "मला वाटलं, आता तुम्ही मला घरात घेणार नाही." आणि पाणी आणायला आत पळाली.

तिची आई मायाक्का हसत हसत कन्नडमध्ये काहीतरी बोलली. "जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणतीय आई," पूनम आतूनच ओरडली.

आण्णानं सरांसमोर बसकण मारली. त्याला विधेयकाचं सगळं कळलं होतं. "पूनम म्हणतीय, तुमी सरकारची उधारी बंद करायलाव."

"म्हणजे तसंच म्हणा."

"लई ब्येस केलं, सर! व्हायलाच पायजे ते. आमी किती जपून ऱ्हातो. लोकर इकली तर मीठमिरची, न्हाय तर न्हाय. मग सरकारला काय धाड भरलीय? हिला सांगा जरा. ही न्हाय म्हणतीय तुमच्या बिलाला."

सरांना फार बरं वाटलं. त्यांनी पूनमकडे असं पाहिलं की पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता तिला हसू आलं.

"आण्णा, टँकरचं काय?" ती म्हणाली.

"टँकरचं येगळं. पाणी तर द्यायलाच पायजे की."

"आणि सरकारकडे पैसा नसला तर?" हा प्रश्न सरांनी विचारला. वर्गात एखादा मुलगा सोपं उत्तर देऊन खाली बसायला लागला की ते असंच पुढचं विचारायचे. सवयीनं तोंडातून गेलं.

"नसला तर आणायचा कुठनं तरी."

"उधार?"

आण्णा थोडा वैतागला. "सर, तेवढं सोडून म्हणतोय की मी! टँकर, रेशन, रोजगार हमीची कामं. आन दवाखाना. तेवढं सोडून बाकीची उधारी बंद."

"पण तेवढं म्हणजे नेमकं कुठलं? ते कुणी ठरवायचं?"

"तुमी ठरवलंय की!" आण्णाला प्रश्नच कळला नाही. "एवढं मोठं बिल लिवलं तुमी. तेवढं सोडून आसंच लिवलं आसंल. लिवलंय न्हवं?"

आण्णा त्यांच्या तोंडाकडे अगदी भरवशानं पाहत होता. त्याच्या बाजूनं हा विषय मिटला होता. सरांनी चौथं कलम मनातल्या मनात वाचलं. ते त्यांना पाठ होतं. त्यात युद्ध होतं, परकीय आक्रमण होतं. बाकीचं सगळं त्यांनी दोन-तृतीयांशांवर सोपवलं होतं, आणि सोपवताना त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त उधळे मंत्री होते. ज्या वर्षी मैंदर्गीला पाऊस पडणार नाही, ते वर्ष त्यांच्या डोळ्यांपुढे एकदाही आलं नव्हतं. पूनमनं ते समोर आणून ठेवलं तेव्हाही त्यांनी तिकडे पाहिलं नव्हतं.

"आण्णा," शेवटी ते म्हणाले, "तेवढं लिहायचं राहिलंय."

"मग लिवा की," आण्णा म्हणाला आणि वाडग्यातून निसटलेल्या कोकराकडे धावला.

जेवणात भाकरी, शेंगांची चटणी आणि पातळ आमटी होती. मायाक्का वाढत होती. तिला मराठी कळत होतं, बोलता येत नव्हतं, म्हणून दर वेळी हातानंच आग्रह करत होती. सर भरपूर जेवले. परतताना पूनम त्यांना स्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत सर म्हणाले, "तुझं बरोबर होतं."

"मला वाटत होतं, पण खात्री नव्हती," पूनम म्हणाली. "आता काय करायचं? शुक्रवार आलाय."

"बिभीषणरावांना सांगायचं."

ते वाटलं तितकं सोपं नव्हतं. कुमार दर वेळी म्हणायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. कॉलेजच्या फाटकावर सरांच्या फोटोचा फ्लेक्स लागला. गल्लीतली माणसं अभिनंदन करायला येत होती आणि सर त्यांच्यापुढे पेढ्याचा बॉक्स धरून अवघडून उभे राहत होते. रस्त्यात कुणी हात मिळवला की ते घाईनं सोडवून घेऊन पुढे चालू लागायचे. चुकलेलं कलम देशापुढे वाचलं जाणार होतं, आणि ते आपण लिहिलंय हे सगळ्या सोलापूरला माहीत असणार होतं. त्यांनी दुर्गाबाईंना म्हटलं, "चर्चाच झाली नाही तर किती बरं होईल." दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. याच शुक्रवारची या माणसानं वीस-पंचवीस वर्षं वाट पाहिली होती.

गुरुवारी दुपारी खासदारांचा फोन आला. सरांनी सगळं सांगितलं.

"सर, खरं सांगू का?" बिभीषणराव म्हणाले. "खासगी बिल पास होत नसतं. मी बोलणार, चार सदस्य बोलणार, मंत्री उत्तर देणार, मी मागं घेणार. आपला विषय सभागृहात झाला, रेकॉर्डवर आला, एवढंच. मग कलम चार बरोबर असलं काय, चूक असलं काय!"

"पास होणार नाही म्हणून चुकीचं लिहिलेलं चालतं, असं मी तुम्हाला वर्गात शिकवलं नव्हतं."

"पण आता बदलायचं कसं? बिल छापलंय. दुरुस्ती सुचवायची मुदत गेली."

"मग निदान सभागृहात सांगा, की हे कलम चुकलंय."

"सर!" बिभीषणराव हसले, पण लगेच गंभीर झाले. "माझं सोडा. उद्या तुम्ही भर कॉलेजात पडद्यासमोर बसणार. मी उभं राहून म्हणायचं, हे लिहिणाऱ्याचं चुकलंय? लोकं हसतील तुम्हाला."

"हसू द्या," सर म्हणाले. म्हटल्यावर त्यांना जाणवलं की हे आपण मनापासून म्हटलंय.

"बघतो," बिभीषणराव म्हणाले आणि फोन बंद झाला. राजकारणातल्या माणसाच्या 'बघतो'चा अर्थ काय धरायचा, ते सरांना ठरवता आलं नाही.

शुक्रवारी कॉलेजचं सभागृह भरलं होतं. मागच्या रांगांतली मुलं हजेरी लागणार म्हणून आली होती, पण आली होती. टेबलावर शाल, श्रीफळ आणि एक पाकीट मांडून ठेवलं होतं. पहिल्या रांगेत प्राचार्य म्हमाणे, मग सर, मग दुर्गाबाई आणि टोकाला पूनम बसली होती. पडद्यावर राज्यसभा दिसत होती, निम्मी रिकामी. खटक्यांच्या आधी दुसऱ्या एका सदस्याचं मधमाशांच्या रक्षणाचं विधेयक सुरू होतं. ते आटपायचं नाव घेईना. प्रत्येक सदस्याला मधमाशांबद्दल काही ना काही सांगायचं होतं. दक्षिणेकडले एक वयस्कर सदस्य तर आपल्या लहानपणच्या पोळ्यांपासून सुरू झाले. मागची मुलं चुळबुळायला लागली. प्राचार्य पुनःपुन्हा घड्याळ बघत होते.

"काय हो हे, आपली वेळ खाऊन टाकली यांनी," ते सरांच्या कानाशी कुजबुजले.

"बोलू द्या की," सर म्हणाले. "महत्त्वाचा विषय आहे." पूनमनं ओढणी तोंडाला लावली. सर आयुष्यात प्रथमच मधमाशांवरचं भाषण इतक्या आवडीनं ऐकत होते. पाच वाजता कामकाज संपणार होतं. अजून एक वक्ता उठावा, अजून एक, असं ते मनात म्हणत होते.

पण मंत्र्यांनी उत्तर दिलं, मधमाशांचं विधेयक मागे घेतलं गेलं आणि पीठासीन सदस्यांनी खटक्यांचं नाव पुकारलं. कॉलेजच्या सभागृहात टाळ्या कडाडल्या. सरांनी दुर्गाबाईंचा हात धरला. एवढ्या लोकांत त्यांनी तो कधी धरला नव्हता.

बिभीषणराव मराठीत बोलायला उभे राहिले. "महोदय, हे विधेयक मी मांडलं असलं तरी त्यातला विचार माझा नाही. सोलापूरला मला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा तो आहे. मी त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर असायचो आणि तिथंही पुष्कळदा नसायचो." पडद्यावर आणि कॉलेजात दोन्हीकडे हशा झाला. मग त्यांनी एक्क्याण्णव सालचं सोनं सांगितलं. कुलूप आणि किल्लीचं सांगितलं, सरांचेच शब्द. आजच्या खर्चाचं ओझं, ज्यांना अजून मत नाही अशा मुलांवर टाकायचा आपल्याला अधिकार कुणी दिला, हे विचारलं. बोलले छान. प्राचार्य मान डोलवत होते. सर मात्र पुढच्या वाक्याची वाट बघत होते आणि हातातला दुर्गाबाईंचा हात आवळत होते.

"आता चौथं कलम," बिभीषणराव म्हणाले आणि थांबले. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "महोदय, हे कलम चुकलंय. हे मला विरोधी बाकांनी सांगितलेलं नाही. ज्यांनी ते लिहिलं, त्यांनी काल फोनवर सांगितलं. युद्धाला आम्ही सूट दिली. दुष्काळाला, महापुराला, साथीला द्यायची राहिली. तिथं दोन-तृतीयांश मतं आणा म्हटलं. मी येताना विचार केला, की माझ्या भागातल्या चार तालुक्यांसाठी या सभागृहातनं मी दोन-तृतीयांश सदस्य गोळा करू शकेन का? प्रामाणिकपणे सांगतो, मला नाही जमणार."

सोलापूरच्या सभागृहात मागच्या रांगांतही कुणी हललं नाही. कुणीच हसलं नाही.

"तेव्हा माझी विनंती आहे," बिभीषणराव पुढे म्हणाले, "की हात बांधायचे का, आणि बांधायचे तर किती सैल ठेवायचे, यावर सभागृहानं बोलावं. परवानगी मिळाली तर कलम चारला मी दुरुस्ती आणीन."

घंटा वाजली. पीठासीन सदस्य म्हणाल्या की वेळ संपलेली आहे, माननीय सदस्यांचं भाषण अपूर्ण राहिलं आहे आणि खासगी विधेयकांच्या पुढच्या दिवशी ते चालू राहील. पडद्यावरचे सदस्य उठले.

सरांनी इतका मोठा श्वास सोडला की प्राचार्यांनी वळून पाहिलं. त्यांनी मागं टेकून डोळे मिटले. "पाणी देऊ का?" दुर्गाबाईंनी विचारलं. "नको गं," ते म्हणाले, "मस्त वाटतंय."

"म्हणजे सर," प्राचार्य गोंधळून म्हणाले, "झालं काय? जिंकलो का हरलो?"

"पुढच्या तारखेला ठेवलंय," सर म्हणाले. "याहून चांगलं काही होणं शक्य नव्हतं."

प्राचार्यांना ते फारसं पटलं नाही, पण शाल आणलेली होती. सत्कार झाला. सरांना बोलायला सांगितलं. ते माइकपुढे उभे राहिले तेव्हा एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, मग घटनेत बंधन पाहिजे की नको?"

एरवी या प्रश्नावर सरांना तासभर बोलता आलं असतं. ते म्हणाले, "पाहिजे असं मला वाटतं. पण ते किती घट्ट असावं, ते मला आज माहीत नाही. मॅडमना विचारा." आणि त्यांनी पूनमकडे बोट दाखवलं. सगळ्या माना तिकडे वळल्या. पूनम लाजली, पण उठून बोलली. बोलता बोलता फळ्याकडे गेली. मागच्या रांगेतली मुलं हळूहळू पुढे येऊन बसली.

फाटकाबाहेर पडताना बिभीषणरावांचा फोन आला. "सर, रागावला नाही ना? नाव घेतलं नाही मुद्दाम."

"नाव घ्यायला हवं होतं," सर म्हणाले. "आभारी आहे, बिभीषणराव. फार मोठं ओझं उतरवलंत."

"ओझं कसलं उतरलंय! नवं कलम कोण लिहिणार? लगेच पाठवा. आणि सोपं लिहा, मला समजेल असं."

दुर्गाबाई रिक्षानं पुढे गेल्या, घरी भजी तळते म्हणाल्या. पूनमला गावची गाडी धरायची होती. सर तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत निघाले. शाल त्यांनी घडी करून काखेत मारली होती.

"आपत्ती कुठली ते मंत्रिमंडळानं ठरवावं," सर म्हणाले.

"मग दरवर्षी आपत्ती येईल की, सर."

"बरं. मग एखादा स्वतंत्र आयोग."

"आयोगाला किती दिवस द्यायचे? तोवर मेंढरं तहानलेली."

"आधी खर्च, मग मंजुरी. आणि उधार घेतलेलं पुढच्या सुगीच्या वर्षांत फेडायचं, अशी अट."

"सुगीचं वर्ष कुठलं ते कोण ठरवणार?"

"तू मला जगू देशील का?" सर म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. अक्कलकोटची गाडी फलाटावर लागली, भरली आणि गेलीसुद्धा. पूनमच्या ते लक्षात आलं तेव्हा ती म्हणाली, जाऊ दे, दुसरी असेल. सरांनी कठड्यावर बसायला जागा केली, खिशातून पेन काढलं आणि सत्काराच्या पाकिटाच्या पाठीमागे नव्या कलमाची पहिली ओळ लिहायला घेतली. पूनम शेजारी वाकून वाचत होती आणि ओळ पुरी व्हायच्या आतच मान हलवत होती.